बाविसाव्या मजल्यावरचं गार पाणी

दाजी पहाटे साडेपाचला उठतात आणि पावणेसहाला बादलीत पाणी सोडतात. कराडला हा क्रम गेली चाळीस वर्षं चालू आहे. लाईट गेली, बंब फुटला, पूर आला तरी त्यात खंड नाही. तो चुकला मुंबईत, रात्रीला साडेसोळा हजार भाडं असलेल्या रूममध्ये.

मी हॉटेलांच्या इंजिनिअरिंग खात्यात एकवीस वर्षं काढली. आता हॉटेल मॅनेजमेंटच्या पोरांना मेंटेनन्स शिकवतो. त्यामुळे हा प्रसंग मला दोन्ही बाजूंनी बघायला मिळाला, पाहुणा म्हणून आणि कधीकाळी रात्रपाळीला पाना घेऊन धावणारा म्हणून. हॉटेलचं नाव देत नाही. परळ-वरळी पट्ट्यात जुन्या गिरणीच्या जागेवर उभं राहिलेलं, उघडून जेमतेम सहा आठवडे झालेलं, एवढं पुरे. जानेवारी 2026 मधली गोष्ट.

निमित्त दाजींच्या साठीचं. भाची पुण्यात आयटीत आहे. आईबाबांनी आयुष्यात एकदा तरी मोठ्या हॉटेलात राहावं म्हणून तिने दोन रात्रींसाठी दोन रूम घेतल्या, एक ताई-दाजींना आणि एक आम्हा नवराबायकोला सोबत म्हणून. रूममागे रात्रीचे 16,500, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 2,970. दोन रूम, दोन रात्री मिळून 77,880 रुपये, सगळे आगाऊ भरलेले. दाजींच्या कानावर होतं की 'हॉटेलचा जीएसटी पाच टक्के झाला.' झालाय, 22 सप्टेंबर 2025 पासून, पण साडेसात हजारांपर्यंतच्या रूमला. त्याच्या वर अठराच. "म्हणजे जास्त देणाऱ्यालाच जास्त," दाजी म्हणाले आणि तो विषय संपला.

सकाळी आठ ते दुपारी दोन

ताई-दाजी रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने आले. आम्ही त्यांना घेऊन आठच्या सुमारास हॉटेलवर पोचलो. चेक-इन दुपारी दोनला. दुपारची वेळ बहुतेक हॉटेलांत असते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण 280 रूमचं हॉटेल, त्यातल्या निम्म्याच विकायला काढलेल्या, आणि लॉबीत आमच्याखेरीज एक जपानी गृहस्थ. एवढं रिकामं असताना दोन रूम सहा तास का मिळू नयेत?

उत्तर मला ठाऊक होतं, ताईला समजावून सांगता येईना. नव्या हॉटेलात 'रिकामी' आणि 'तयार' हे वेगळे शब्द असतात. प्रत्येक रूमची एक स्नॅग लिस्ट असते: दाराचं क्लोजर आपटतंय, सिलिंगला ओल, बाथरूमची टाईल पोकळ वाजते, पडद्याची मोटर अडकते. ही यादी मिटल्याशिवाय इंजिनिअरिंगवाले रूम हाउसकीपिंगच्या ताब्यात देत नाहीत. शिवाय मुरलेला रूम अटेंडंट एका पाळीत बारा-चौदा रूम साफ करून लावतो. नव्या पोराच्या आठ झाल्या तरी शाबासकी. त्यामुळे हॉटेल एवढं रिकामं असूनही तयार रूमची टंचाई. विजेचा आणि माणसांचा खर्च वाचावा म्हणून पाहुण्यांना चार-पाच मजल्यांवरच ठेवतात. बाकीचे मजले अंधारात.

मग उघडायची घाई कशाला, हे बाहेरच्याला पडणारं कोडं. बँकेचं व्याज थांबत नाही, तीन-चारशे माणसं सहा महिन्यांपासून पगारावर असतात, आणि मुंबईत तुळशीच्या लग्नानंतरचा लग्नाचा सीझन हुकला की हॉलचं वर्ष हुकलं. म्हणून 'सॉफ्ट ओपनिंग' या गोंडस नावाखाली दारं उघडतात. उरलेलं काम पाहुण्यांच्या साक्षीनं होतं.

दाजींची अडचण वेगळी होती. त्यांना सिद्धिविनायकाला जायचं होतं. हॉटेलपासून आचार्य अत्रे चौकाचं मेट्रो स्टेशन चालत सात मिनिटं, तिथून मधे वरळी आणि लगेच सिद्धिविनायक. पण आंघोळीशिवाय देवळात कसं जायचं? मी डेस्कवर विचारलं, जिमच्या चेंजिंग रूममध्ये शॉवर असेल ना? पोरगी गोड हसून म्हणाली, "सर, जिम अँड स्पा कमिंग सून." तिचा दोष नव्हता. तिला दिलेल्या कागदात या प्रश्नाचं उत्तरच नव्हतं.

मग सहा तास लॉबीत. कॉफी फुकट मिळाली, तीनदा. दाजी नगरपालिकेत ओव्हरसियर होते. त्यांनी खांबांवरचा संगमरवर बोटाने वाजवून पाहिला, जोड पाहिले आणि 'ताज हॉटेल उलटं, म्हणजे समुद्राकडे पाठ करून, बांधलं म्हणून आर्किटेक्टने जीव दिला' ही गोष्ट काढली. ती खोटी आहे. ताज 16 डिसेंबर 1903 ला उघडलं तेव्हा त्याचं मुख्य दार मुद्दामच शहराच्या बाजूला होतं, आज जिथे पोहण्याचा तलाव आहे तिथे. आणि त्याचा मूळ आराखडा करणाऱ्यांत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे आपलेच. दाजींना दुसरी माहिती फारच आवडली. मला वाटतं, त्या दिवसातला त्यांचा सगळ्यात चांगला अर्धा तास तो.

डिपॉझिटचं थोडक्यात सांगतो. चेक-इनला रूममागे दहा हजार मागितले. दाजी चकित: "पोरीनं पैसे भरलेत ना? मग परत कशाचे?" हे किरकोळ खर्चासाठी राखून ठेवतात. क्रेडिट कार्ड असेल तर तेवढी मर्यादा अडवली जाते, जाणवतही नाही. दाजींकडे डेबिट कार्ड. खात्यातून रक्कम लगेच गेली, मोबाईलवर मेसेज वाजला आणि पुढचे दोन दिवस त्यांनी रूममधल्या मिनीबारच्या फ्रिजचं दार उघडलं नाही. मी माझं क्रेडिट कार्ड दोन्ही रूमसाठी द्यायला हवं होतं. सुचलं तेव्हा उशीर झाला होता. पैसे आठव्या दिवशी परत आले.

कोमट

दोनला दहा कमी असताना बाविसाव्या मजल्यावरच्या लागून-लागून असलेल्या दोन रूम मिळाल्या. रूम देखणी होती, यात वाद नाही. खिडकीतून एका बाजूला समुद्राची पट्टी आणि खाली गिरणीची जपून ठेवलेली चिमणी. नव्या गालिच्याच्या गोंदाचा वास तेवढा होता. ताईने पलंगावर हात फिरवला आणि "हे धुवायला किती पडत असेल" म्हणाली.

दाजी आंघोळ करून आले. मी विचारलं, पाणी कसंय? "कोमट होतं. चाललं."

माझी चूक इथे झाली. एकवीस वर्षं ज्या खात्यात घालवली, तिथे 'कोमट' हा शब्द कुणी उच्चारला की कान टवकारले पाहिजेत. हॉटेलात पाणी गरम असतं किंवा गार असतं. नव्या हॉटेलात दुपारी दोनला, नळ बराच वेळ सोडल्यावर कोमट येत असेल, तर कुठेतरी ते फिरत नाहीये. मला कळलं होतं. पण आज आपण पाहुणे आहोत, असं म्हणून मी गप्प बसलो आणि आम्ही मेट्रोने दर्शनाला गेलो.

पाच चाळीस

दुसऱ्या दिवशी पहाटे दारावर टकटक. दाजी, बनियन आणि टॉवेल. "अरे, पाणी येतंय का तुझ्याकडे? माझ्याकडे बर्फ आहे."

माझ्याकडेही बर्फ. दोन्ही बाथरूम एकाच भिंतीला पाठ लावून आहेत, शाफ्ट, म्हणजे पाइप नेणारी उभी पोकळी, एकच, त्यामुळे एकाचं दुखणं ते दोघांचं. मी घड्याळ लावलं आणि शॉवर सोडला. साडेअकरा मिनिटांनी पहिली ऊब लागली. शॉवर पाणी वाचवणारा, मिनिटाला साधारण आठ लिटर. म्हणजे नव्वद लिटरवर पाणी वाया गेलं तेव्हा कुठे गरम पाणी वर पोचायला लागलं. मी मनात गुणाकार केला. गरम पाण्याचा प्लांट चौथ्या मजल्याच्या सर्व्हिस फ्लोअरवर. तिथून बावीसपर्यंत अठरा मजले, आडवं अंतर धरून पंचाहत्तर मीटर पाइप. आतला व्यास चाळीस मिलिमीटर असेल तर मीटरमागे सव्वा लिटर पाणी मावतं. पंचाहत्तर गुणिले सव्वा, चौऱ्याण्णव. म्हणजे खालपासून वरपर्यंत अख्खा उभा पाइप गार पडला होता.

तो गार पडूच नये म्हणून एक रिटर्न लाईन असते. वर गेलेलं गरम पाणी कुणी वापरो न वापरो, ते बारीक पाइपातून परत प्लांटकडे येतं आणि पुन्हा वर जातं, अखंड. त्यामुळे नळ उघडला की काही सेकंदांत गरम. ही फेरी एका शाफ्टमध्ये बंद पडली की त्या शाफ्टवरच्या सगळ्या रूमना पहाटेचं पहिलं पाणी गार. भरलेल्या हॉटेलात हे झाकलं जातं, कारण खालीवर कुणी ना कुणी आंघोळ करत असतं आणि पाणी हलतं. निम्म्या रिकाम्या हॉटेलात त्या शाफ्टवर आम्ही दोनच.

डेस्कला फोन केला. रात्रपाळीच्या मुलाने सांगितलं, "सर, पाच मिनिटं नळ सोडून ठेवा." बारा मिनिटं सोडला होता म्हटल्यावर, "इंजिनिअरिंगला पाठवतो." रूम बदलून द्या म्हटल्यावर गडबडला. समोरच्या रांगेतल्या रूम रिकाम्या होत्या, पण त्या समुद्राकडच्या, वरच्या दराच्या. त्या देणं म्हणजे अपग्रेड, त्याला ड्युटी मॅनेजरची मंजुरी हवी, आणि ड्युटी मॅनेजर खाली बँक्वेटमध्ये लग्नाच्या मांडवावरून चाललेल्या कसल्याशा भांडणात अडकलेले. फोन उचलेनात. "सर, सहा-साडेसहापर्यंत..." दाजी शेजारी टॉवेल गुंडाळून उभे. जानेवारी महिना, मुंबईची थंडी ती काय, पण साठीच्या माणसाला गार टाईलवर उभं ठेवायला पुरेशी.

रूममध्ये बादली नव्हती, हेही सांगायला हवं. असल्या हॉटेलांत नसतेच, मागावी लागते. ताईने किटलीत पाणी उकळायला लावलं होतं. एका किटलीत एक लिटर. "वीस वेळा लावते," ती म्हणाली आणि खरंच लावली असती.

तेवढ्यात हाउसकीपिंगची रात्रपाळीची सुपरवायझर आली. पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले, हातात बादली आणि पाण्याचा मग. डेस्कच्या मुलाने तिला फक्त 'टॉवेल जादा पाठव' असं सांगितलं होतं. बादली तिने स्वतःच्या डोक्याने आणली होती. दाजींना बघितलं, नळाखाली हात धरला, आणि विचारत बसली नाही.

"काका, कपडे आणि टॉवेल घ्या. समोर चला."

सगळ्या रूम उघडणारं आपलं मास्टर की-कार्ड लावून तिने समोरची रिकामी रूम उघडली, नळ सोडला. दहा सेकंदांत वाफ. तिकडचा शाफ्ट वेगळा. तिने बादली नळाखाली ठेवली, पाय पुसायची मॅट अंथरली आणि बाहेर येऊन दार ओढून आमच्यासोबत कॉरिडॉरमध्ये उभी राहिली. आतून दाजींचं 'गंगेच यमुने चैव' ऐकू आलं. ती हसली. म्हणाली, "माझे बाबा पण असंच. कळव्याला पाणी पाच वाजता येतं ना."

पाच चाळीसची तक्रार सहा वाजून पाच मिनिटांनी मिटली होती. मॅनेजर सव्वासहाला आले. सोबत फळांची ताटली आणि चॉकलेट केक, त्यावर चॉकलेटनेच 'सॉरी'. दाजींना बारा वर्षं मधुमेह आहे.

तळहातावरचा पुरावा

साडेसहाला इंजिनिअरिंगचा पोरगा आला, मालवणीत फोनवर बोलत. मी दोन शब्द धंद्यातले टाकल्यावर मोकळा झाला. कॉरिडॉरमधलं शाफ्टचं दार त्याने उघडलं आणि टॉर्च मारला. रिटर्न पाइप हाताला गार. कुठल्या शाफ्टमधून किती पाणी फिरायचं ते ठरवणाऱ्या बॅलन्सिंग व्हॉल्व्हवर कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्रणा चालू करतानाच्या, वेळचा कागदी टॅग तसाच लटकत होता, सेटिंगची जागा कोरी. म्हणजे हा व्हॉल्व्ह कुणी बसवला, पण किती उघडा ठेवायचा हे कुणी ठरवलंच नाही.

मग त्याने वाय-स्ट्रेनरचं, म्हणजे पाइपातला कचरा अडवणाऱ्या गाळणीचं, टोपण खोललं. आतली जाळी बाहेर काढून तळहातावर आपटली. पांढऱ्या टेफ्लॉन टेपच्या चिंध्या, पाइपाला आटे पाडताना निघालेले पितळी-लोखंडी कीस, रेती, सिमेंटचा राखाडी गाळ, आणि मधोमध काडीपेटीतली अर्धी काडी. जाळी एवढी भरलेली की पाण्याला वाट उरली नव्हती. बांधकाम संपल्यावर सगळे पाइप जोरात धुवायचे, जाळ्या साफ करायच्या, मग सेटिंग करायचं, असा क्रम असतो. इथे उद्घाटनाची तारीख आधी आली.

"साहेब, खाली स्क्रीनवर तर रिटर्न बावन्न अंश दाखवतंय," तो म्हणाला. बरोबर दाखवत होतं. सगळ्या शाफ्टचं परतीचं पाणी प्लांटजवळ एकत्र होतं आणि सेन्सर तिथे एकच. इतर शाफ्टमधून गरम पाणी परत येत होतं आणि या एकातून काहीच येत नव्हतं, त्यामुळे एकत्रित आकड्यात तो मेलेला शाफ्ट दिसणारच नाही. कंट्रोल रूममधला माणूस स्क्रीन बघून निर्धास्त, आणि बाविसाव्यावर दाजी टॉवेलमध्ये.

त्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली, जी माझ्या मते गार आंघोळीपेक्षा फार गंभीर आहे. साधारण 20 ते 45 अंशांच्या साचलेल्या पाण्यात लीजनेला नावाचा जिवाणू वाढतो, आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. त्याला नाव पडलं तेच एका हॉटेलमुळे: 1976 साली फिलाडेल्फियातल्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं, तिथे न्यूमोनियाची साथ आली आणि माणसं दगावली. तेव्हा संशय एसीच्या यंत्रणेवर गेला. पण धडा पाण्यालाही लागू आहे. गरम पाणी 60 अंशांवर साठवायचं, परतीचं 50 च्या खाली येऊ द्यायचं नाही, आणि बंद रूमचे नळ-शॉवर आठवड्यातून एकदा तरी सोडायचे. निम्मे मजले अंधारात ठेवणाऱ्या नव्या हॉटेलात हे शेवटचं काम कोण करतं? "हाउसकीपिंग करत असेल," पोरगा म्हणाला. हाउसकीपिंगला विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, इंजिनिअरिंग करत असेल. मी दोन्हीकडे काम बघितलंय, म्हणून सांगतो.

चाळीस मिनिटांत जाळी धुऊन बसवली. साडेआठला माझ्या बायकोने नळ उघडला तेव्हा मोजून बारा सेकंदांत गरम पाणी आलं. सहा आठवड्यांचं दुखणं चाळीस मिनिटांत आणि फुकटात बरं झालं.

नाव लिहू नका

चेक-आउटच्या सकाळी मी फीडबॅकचा फॉर्म भरत होतो. 'विशेष उल्लेख करावासा वाटणारा कर्मचारी' अशी एक ओळ होती. ती सुपरवायझर पाळी संपवून निघताना लॉबीच्या कडेला दिसली. तिला नाव विचारलं, तर चेहरा उतरला.

"साहेब, प्लीज, माझं नाव लिहू नका."

विकायला काढलेली रिकामी रूम परवानगीशिवाय उघडायची नाही, पाहुण्याला तर आत न्यायचंच नाही, असा नियम आहे. नियम चुकीचा नाही. त्यामागे चोरीपासून सुरक्षेपर्यंत कारणं आहेत. तिने तो मोडला होता, शिवाय वापरलेली रूम परत लावून दिली होती, कुठेही नोंद न करता. कौतुकाचं पत्र म्हणजे तिच्या विरुद्धचा पुरावा.

आणि मला त्याहून पुढचं दिसत होतं. तिने किंवा मी काही न लिहिलं तरी दाराच्या कुलपात सगळं लिहिलेलं असतं. कुठलं कार्ड, किती वाजता. कुणी लॉक ऑडिट काढलं की पाच त्रेपन्नला तिचं कार्ड दिसणारच.

फॉर्मवर मी शाफ्टबद्दल लिहिलं, स्ट्रेनरबद्दल, एकाच सेन्सरबद्दल, बंद मजल्यांवरच्या नळांबद्दल. डेबिट कार्डवाल्यांना डिपॉझिट कसं कापलं जातं ते आधीच सांगा, आणि दोनच्या आधी येणाऱ्यांसाठी एखादी शॉवरची सोय ठेवा, हेही. शेवटी एवढंच, की पहाटे पावणेसहाला रिकाम्या हॉटेलात रूम बदलून द्यायचा अधिकार जागेवर हजर असलेल्या एका तरी माणसाकडे हवा. डेस्कवरचा मुलगा मूर्ख नव्हता. त्याच्या हातात फोनशिवाय काही दिलेलं नव्हतं. चॉकलेटने सॉरी लिहायचे अधिकार मात्र स्वयंपाकघराला होते.

वर्गात मी हे प्रकरण दोनदा मांडलं. दोन्ही वेळा पोरं स्ट्रेनरवर भरपूर बोलली. सुपरवायझरने केलं ते बरोबर की चूक, यावर वर्ग निम्मा-निम्मा फुटला. एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही तिचे मॅनेजर असता तर?" मी मॅनेजर होतो तेव्हा अशाच एका पोराला मेमो दिला होता. ते वर्गात सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी जनरल मॅनेजरचा फोन आला. गृहस्थ लखनौचे, पण वीस वर्षं मुंबईत, मराठी समजतं. नऊही शाफ्ट उघडले, म्हणाले. आणखी दोन तुंबलेले निघाले. प्रत्येक रिटर्नला वेगळा थर्मामीटर बसवलाय. बंद मजल्यांचे नळ दर सोमवारी सोडतात, आणि रजिस्टरवर सही दोन्ही खात्यांची. रात्री अकरा ते सात, डेस्कवरचा माणूस न विचारता एक रूम बदलून देऊ शकतो. मी ऐकत होतो, पण मन दुसरीकडेच होतं. शेवटी राहवलं नाही.

"आणि त्या पहाटे बाविसाव्यावर समोरची रूम उघडली गेली, त्या कार्डाचं..."

"कौन सा कार्ड?" ते म्हणाले, आणि दाजींची शुगर कशी आहे ते विचारलं.